निम्मी शक्यता

“मीच दिलं गं हे त्याला... मीच दिलं! काय पाप केलं होतं त्या पोरानं, म्हणून त्याच्या रक्तात मी हे विष कालवलं?”

स्वयंपाकघरातल्या टेबलावर डोकं टेकून फोरमन रडत होते. तीस वर्षांच्या संसारात बाईंनी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. बस दुरुस्तीच्या कारखान्यात ज्यांच्या एका हाकेसरशी चाळीस माणसं हातातला चहा खाली ठेवत, गंजून बसलेले चाकाचे नट जे नुसत्या मनगटाच्या हिसक्यानं सैल करत, ते हे फोरमन! आणि आज ते लहान मुलासारखे हुंदके देत होते, आणि त्यांचे ते दणकट हात, त्यांच्या मनात नसताना, टेबलावर आपोआप थडथडत होते.

दुपारीच दोघं मोठ्या डॉक्टरांकडून परतले होते. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, ते दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. पण पुढचं मात्र एकेक अक्षर काळजात रुतून बसलं. आधी हातपाय ऐकेनासे होतील, मग चाल झुलू लागेल, मग जीभ जड होईल, शेवटी घास गिळणंही अवघड... औषधं आहेत, उपाय नाही. आणि हा आजार घराण्यातून येतो. फोरमनांचे वडील असेच झोकांड्या खात गेले होते. जन्मात दारूच्या थेंबाला न शिवलेल्या त्या माणसाला साऱ्या गल्लीनं दारुडा ठरवलं होतं. थोरला भाऊही त्याच वाटेनं गेला.

“मुलं किती तुम्हाला?” डॉक्टरांनी विचारलं होतं.

“एक. मुलगा.”

“त्याला हा आजार असण्याची शक्यता निम्मी. छापा की काटा, तसं. रक्त तपासलं की कळतं.”

शेगडीवरचा चहा उतू गेला तरी बाई तशाच उभ्या होत्या. नवऱ्याच्या रडण्यानं त्यांचं काळीज फाटत होतं, पण त्याहीपेक्षा त्या गोंधळून गेल्या होत्या. घरात तिसरं कुणी नव्हतं. दार लावलेलं होतं. मग हे कुणासाठी बोलत होते? कुणापासून लपवत होते?... आणि मग एकाएकी त्यांच्या ध्यानात आलं. फोरमन काहीच लपवत नव्हते. ते विसरले होते! चोवीस वर्षं त्या मुलाला खांद्यावर, कडेवर, सायकलच्या दांडीवर वागवता वागवता हा माणूस खरोखरच विसरून गेला होता!

बाईंनी हळूच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“अहो... त्याला काही होणार नाही. त्याला कसं होईल? आठवा ना जरा.”

नळ बंद करावा तसं फोरमनांचं रडं थांबलं. त्यांनी चेहरा वर केला. तो चेहरा बाई पुढे कधीच विसरू शकल्या नाहीत. आधी काही न कळल्याची रिकामी नजर; मग एकदम लख्ख आनंद... पोर वाचलं! आणि मग त्यांच्या देखत तो आनंद विझत विझत गेला, आणि त्याच्या जागी ते आलं, जे बाईंनी त्यांच्या तोंडावर आयुष्यात एकदाच, एका दवाखान्याच्या बाकावर पाहिलं होतं.

“हो की,” ते म्हणाले. “विसरलोच होतो बघ.”

बराच वेळ ते आपल्या हातांकडे पाहत बसले. मग म्हणाले, “त्याला सांगायचं नाही. शपथ आहे तुला माझी. मी आहे तोवर नाही.”

“अहो, पण तो जन्मभर भीत राहील...”

“रक्त तपासू दे की त्याला! त्यात काही निघणार नाही, सुटला. मग सांगायची गरजच काय?” फोरमनांनी दोन्ही हात बाईंपुढं धरले. “माझं सगळं चाललंय गं. हात चाललेत, पाय चाललेत. हे एक तरी राहू दे माझ्याकडे...”

आणि बाई गप्प बसल्या. गप्प बसण्याची त्यांना सवय होती.

लग्नाला पाच वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता, तेव्हाची गोष्ट. बाई प्राथमिक शाळेत शिकवत. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांची नाकं पुसायची आणि संध्याकाळी घरी येऊन सासूबाईंची बोलणी ऐकायची. “इतरांच्या पोरांना पाढे शिकवून काय उपयोग, सूनबाई? आमच्या घरात कधी ऐकू येणार?” फोरमनांचं दुःख वेगळं होतं. कारखान्यातला वेल्डर त्यांचा जिवाभावाचा मित्र. पण त्याच्या जिभेला हाड नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर तो हसत हसत विचारायचा, “काय फोरमन, जगाची इंजिनं दुरुस्त करता, तुमचं कधी सुरू होणार?” फोरमनही मोठ्यानं हसायचे. आणि घरी आले की कुणाशी न बोलता अंगणात जाऊन घाम निथळेपर्यंत वजनं उचलायचे.

शेवटी दोघं तपासून आले. दोष बाईंच्यात नव्हता. पंधराव्या वर्षी फोरमनांना गालगुंड झालं होतं, सूज खाली अवघड जागी उतरली होती, आणि जाता जाता त्यांचं बाप होणं घेऊन गेली होती. डॉक्टरीणबाईंनी फार हळुवारपणे सांगितलं. शून्य. आणि मग तितक्याच हळुवारपणे दुसरा मार्गही सांगितला : एखाद्या निरोगी, अनोळखी माणसानं दिलेलं बीज असतं, कुणाला कळत नाही, कुणी विचारत नाही.

फोरमन बाहेर येऊन बाकावर बसले ते दोन तास उठले नाहीत. बाई शेजारी बसून राहिल्या. समोरून बायका जात होत्या, कुणाचं पोट वाढलेलं, कुणाच्या कुशीत गाठोडं... आणि फोरमन फरशीकडे पाहत होते.

“तुला मूल हवंय ना?”

“मला तुमचं...”

“माझं होणार नाही. मग निदान आपलं तरी होऊ दे.” एवढं बोलून ते आत गेले आणि कागदावर सही करून आले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, रंगरूप जुळवायचा प्रयत्न करू, काही सांगायचंय? तर म्हणाले, “उंच असू दे. आमच्याकडे सगळे उंच आहेत.”

आणि दिवस गेल्यावर, सासूबाईंना कारण हवं होतं म्हणून, बाईंनीच सांगून टाकलं, “दोष माझ्यात होता. उपचार करून घेतले.”

“मला माहीतच होतं!” सासूबाई म्हणाल्या. “माझ्या मुलात काही कमी असेल होय!”

फोरमन तेव्हा जेवत होते. त्यांनी ताटावरून मान वर केली नाही. त्याबद्दल ते बाईंशी पुढेही कधी एक शब्द बोलले नाहीत. फक्त त्या आठवड्यापासून दर सोमवारी सकाळी बाई शाळेत निघायच्या आधी त्यांच्या सायकलीत हवा भरलेली असायची. हात थरथरायला लागेपर्यंत एकही सोमवार चुकला नाही. बाईंना ते पुरत असे. खरं म्हणजे पुरत नसे... पण बाई पुरवून घेत.

मुलगा झाला. अगदी काटकुळा, मुठीएवढा. फोरमनांनी त्याला तळहातावर घेऊन सगळ्या कारखान्याला दाखवलं आणि म्हणाले, “हा आमचा पैलवान!” ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पैलवान वाढला, ताडमाड उंच झाला, पण अंगानं शेवटपर्यंत काडीच राहिला. मोठा झाल्यावर तो दातांच्या प्रयोगशाळेत कामाला लागला. कवळ्या बनवायच्या, दातांच्या कॅप घडवायच्या. केसाएवढी चूक झाली तर लोकांना घास चावता यायचा नाही, असं नाजूक काम. फोरमन कौतुकानं म्हणायचे, “हात कुणाचा आहे, सांगा!” आणि सांगणारे सांगायचे. खोटं तरी कुठं होतं ते? कानस कशी धरायची, डोळा बारीक करून कड कशी बघायची, ते पोर बापाच्याच मांडीवर बसून शिकलं होतं.

चष्म्याच्या दुकानात काम करणारी एक मुलगी त्याला आवडत होती. घरात तिचं नाव चष्मेवाली. फोरमन दोघांना चिडवायचे, “एक दात देणार, एक डोळे देणार. या घरात म्हातारा होण्यासारखी चैन नाही!”

आणि अशा घरात तो आजार येऊन बसला.

पैलवानापासून आजार लपवणं शक्यच नव्हतं. त्यानं आजोबांचं ऐकलं होतं, काकांना पाहिलं होतं. उरलेलं त्यानं स्वतः वाचून काढलं. “रक्त तपासून घे रे बाबा,” बाई काकुळतीला येऊन म्हणाल्या. एकदा नव्हे, शंभरदा म्हणाल्या. फोरमनही म्हणाले. पैलवान प्रत्येक वेळी शांतपणे मान हलवायचा.

“नको, आई. आत्ता निम्मी आशा तरी आहे. कागदावर ‘हो’ आलं, तर तीही जाईल. मला नाही कळून घ्यायचं.”

“पण ‘नाही’ आलं तर?”

“आणि ‘हो’ आलं तर? तू इतकी खात्रीनं कशी बोलतेस?”

शब्द अगदी बाईंच्या ओठांच्या आतल्या बाजूला येऊन उभे राहायचे. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता त्यांचा खडू मध्येच थांबायचा, मुलं म्हणायची, “बाई, पुढचं वाक्य?” आणि बाईंना वाटायचं, आजच जाऊन सांगावं, शपथ गेली खड्ड्यात!... पण घरी यावं, तर फोरमन खुर्चीत बसलेले. शर्टाचं बटण लावायला त्यांना दहा मिनिटं लागत होती, कपातला चहा अर्धा छातीवर सांडत होता, कारखाना सुटला होता, ज्या गल्लीतून छाती काढून चालले तिथं पोरं त्यांच्या चालीची नक्कल करत होती. आणि अशात पैलवान कामावरून येऊन पायाशी बसला, बूट काढून द्यायला लागला, की त्या थकल्या चेहऱ्यावर अजूनही एक ताठा उमटायचा : मी याचा बाप आहे! तेवढी एकच वीट काढली असती तर सगळा माणूस ढासळला असता. बाईंची जीभ उचलत नव्हती.

वर्षभरानं पैलवानानं चष्मेवालीला नाही म्हणून सांगितलं. ती घरी येऊन रडली. “मुलं नकोत मला, काही नको. तू आजारी पडलास तर मी करीन तुझं!” पैलवान म्हणाला, “आई बाबांचं करते ते मी रोज बघतोय. तुझ्यावर ती पाळी मी येऊ देणार नाही.” बाई दाराआड उभ्या राहून हे ऐकत होत्या. एक वाक्य! त्यांच्याजवळ एक वाक्य होतं, आणि त्या वाक्यानं त्या दोन जिवांचं आयुष्य तिथल्या तिथं सावरलं असतं. त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. फोरमनही ऐकत होते. त्यांनी डोळे मिटून घेतले...

ती मुलगी निघून गेली.

दुसरं वर्ष सरलं. फोरमनांची जीभ आता फार जड झाली होती. त्यांचं बोलणं बाईंनाही दोनदा विचारावं लागे. पैलवानाला मात्र पहिल्या फटक्यात कळे. तोच त्यांना भरवायचा, दाढी करून द्यायचा, आणि आल्यागेल्याला त्यांचं म्हणणं सांगायचा.

त्या रविवारी सकाळी तो नाश्त्याला खुर्चीवर बसता बसता कळवळला. “काय झालं रे?” बाईंनी विचारलं. तो आधी काही नाही म्हणाला. मग दुधात भिजवलेल्या पावाचा एक घास बापाच्या तोंडात घालून त्यानं चमचा खाली ठेवला.

“सांगणारच होतो. परवा ऑपरेशन करून घेतलं मी. मूल होऊ नये म्हणून करतात ते. डॉक्टर तयारच होत नव्हते, वय लहान आहे म्हणाले. मग घरातला आजार सांगितला, तेव्हा केलं.” तो बापाकडे पाहून हसला, अगदी समजावल्यासारखं. “आजोबा, काका, तुम्ही... आता हे माझ्यापाशीच थांबू दे, बाबा. पुढं कुणाला रोज सकाळी उठून स्वतःचे हात बघावे लागू नयेत.”

फोरमनांचा हात असा उडाला की वाडगा जमिनीवर जाऊन फुटला. त्यांच्या घशातून एक आवाज निघाला. तो शब्द नव्हता, आक्रोशही नव्हता. बैलगाडीखाली सापडलेल्या मुक्या जनावराचा असतो तसा काहीतरी होता.

“बाबा! बाबा, काय होतंय?”

“तू... माझा... नाहीस.” एकेक शब्द ते दोन्ही हातांनी ओढून काढल्यासारखा काढत होते. “तुला... नाही होणार. कधीच... नाही. माझ्यात... बीजच... नव्हतं. दवाखान्यातनं... दुसऱ्याचं...”

ज्याला बापाचं सगळं बोलणं कळत होतं, त्या मुलानं आईकडे पाहिलं.

“आई, काय म्हणतायत हे? माझ्याच ऐकण्यात चूक होतेय ना? सांग ना, आई... चूक होतेय ना?”

बाईंनी मान खाली घातली. खाली दूध पसरत चाललं होतं, आणि ते पुसायचं भान कुणालाच नव्हतं.

“म्हणजे... दोन वर्षं... मी हात पुढं धरून बघत होतो, आणि तुम्ही दोघं मला बघत होतात?”

“मला शपथ घातली होती रे त्यांनी...” बाई म्हणाल्या, आणि तो शब्द त्यांना स्वतःलाच इतका क्षुद्र, इतका लाजिरवाणा वाटला की पुढं बोलवेना.

पैलवान बापाच्या खुर्चीपुढं गुडघ्यांवर बसला. “का, बाबा?”

फोरमनांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “लाज... वाटली.”

“आणि मी?” पैलवान म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “तुम्हाला ज्याची लाज वाटली, ते मी परवा स्वतःच्या हातानं करून आलो, बाबा. धडधाकट असताना!”

तो उठला, भिंतीला धरत धरत बाहेर गेला, आणि त्या दिवसापासून घरी आला नाही.

तीन आठवडे गेले. घर म्हणजे नुसतं घड्याळ आणि फोरमनांच्या खुर्चीची करकर. ते बाईंच्या हातून दोन घास घेत आणि तोंड फिरवत. शेवटी एका दुपारी शेजारणीला त्यांच्यापाशी बसवून बाई प्रयोगशाळेत गेल्या. वरच्या मजल्यावरची लांबट खोली, सगळीकडे प्लास्टरची पांढरी धूळ, फळीवर ओळीनं मांडलेले अनोळखी माणसांचे जबडे. पैलवान दिव्याखाली वाकून मेणाचा दात कोरत होता. त्यानं आईला पाहिलं, स्टूल पुढं सरकवलं, आणि परत कोरू लागला.

“ते ऑपरेशन... परत जोडता येतं म्हणतात ना रे?”

“येतं कधी कधी. खात्री नाही देत कुणी.” मग तो म्हणाला, “चष्मेवालीला सांगायला गेलो होतो, आई. दुकानात तिच्याशेजारी एक मुलगा उभा होता. पुढच्या महिन्यात लग्न आहे तिचं. मी तोंड उघडलं, तर म्हणाली, ‘आता काही सांगू नकोस. काहीही असलं तरी नको.’ तिला माझ्या तोंडावरूनच कळलं असावं. मी चष्मा पुसायचं कापड घेऊन परत आलो.”

बाईंचा बांध फुटला. “मला बोल रे! शिव्या दे मला! शपथेचं निमित्त होतं. खरं म्हणजे माझ्यापुढं दोघं बुडत होते, आणि मी नवऱ्याला धरलं... तुला सोडलं. आई असून!”

पैलवानानं कोरणी खाली ठेवली.

“मला राग कसला येतो सांगू? मी रोज सकाळी हात पुढं धरायचो. भीती वाटायची. पण मनाशी म्हणायचो, बाबा सोसतायत तसं सोसायचं. आपण त्यांचेच आहोत, जमेल आपल्याला. सगळी तयारी केली होती मी. आता ते म्हणाले, तुला होणार नाही. मला हायसं वाटायला हवं होतं ना, आई? मग मी रस्त्यावर बसून रडलो कशाला?”

बाईंनी त्याच्या बाहीवरची प्लास्टरची धूळ झटकली.

“जेवतात का?” त्यानं विचारलं.

“तुझ्या हातची सवय. आणि मला मेलीला त्यांचं बोलणं कळत नाही. काल तासभर एकच शब्द सांगत होते. पाणी दिलं, चादर दिली, खिडकी उघडली, बंद केली... शेवटी रडले आणि थकून गप्प बसले.”

“कसा होता शब्द? करून दाखव.”

बाईंनी लाजत लाजत, जीभ जड करून तो आवाज काढून दाखवला. पैलवान ऐकत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

“पुन्हा कर.”

त्यांनी पुन्हा केला.

“‘आला का?’ विचारत होते, आई,” तो म्हणाला. “‘आला का?’”

त्यानं दिवा बंद केला.

घरी आल्यावर पैलवान आधी स्वयंपाकघरात शिरला. त्यानं पाणी गरम केलं, साबणाचा फेस केला आणि तीन आठवड्यांची वाढलेली दाढी करायला घेतली. डोकं सारखं हलत होतं, म्हणून ते त्यानं आपल्या छातीशी घट्ट धरलं होतं. फोरमन डोळे मिटून होते. एकदाच त्यांनी काहीतरी म्हटलं, आणि पैलवान म्हणाला, “राहू द्या. आत्ता बोलू नका, कापेल.” बाई स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. सगळं मिटलं म्हणून नव्हे... काहीच मिटलं नव्हतं. गेलेली मुलगी परत येणार नव्हती, ऑपरेशनचं काय होईल ठाऊक नव्हतं, आणि त्या खुर्चीतला माणूस रोज थोडा थोडा जातच होता. पण पोर घरात होतं.

पुढच्या महिन्यात फोरमनांना इस्पितळात न्यायचं होतं. घास श्वासनळीत जाऊ लागला होता. वेल्डर आता म्हातारा झाला होता, पण आपली गाडी घेऊन आला, आणि चाकाची खुर्ची उचलायला त्यानंही हात लावला. मोठ्या डॉक्टरांच्या जागी एक तरुण डॉक्टरीण बसली होती. तिनं फाईल चाळली, आणि पैलवानाकडे पाहिलं.

“तुम्ही मुलगा ना? तुमची रक्ततपासणी झालेली दिसत नाही.”

दाराशी वेल्डर उभा होता. तोच वेल्डर, ज्याच्या थट्टेपायी फोरमनांनी कितीतरी संध्याकाळी वजनं उचलली होती. फोरमनांची मान एकदम ताठ झाली.

“नाही केली,” पैलवान म्हणाला. “करायची नाही मला.”

“बघा, भीती समजू शकते मी. पण हा आजार निम्म्या मुलांमध्ये उतरतो. उद्या लग्न कराल, मुलं होतील...”

“मुलांचा प्रश्न नाही. ऑपरेशन करून घेतलंय.”

“अरेरे...” दाराशी वेल्डर पुटपुटला. “एवढ्या तरुण वयात, पोरा!” आणि त्या नुसत्या ‘अरेरे’त इतकी कीव होती, की बाईंना वाटलं, आपल्या मुलाच्या तोंडावर कुणी तरी ओलं फडकं मारलं. पैलवानानं ते निमूटपणे घेतलं. एका वाक्यात त्याची सुटका होती, आणि तो ते वाक्य उच्चारत नव्हता! एके काळी बाईंनी सासूबाईंपुढं जे केलं, तेच आज त्यांचा मुलगा करत होता... आणि बाईंना अभिमान वाटावा की आक्रोश करावा, हे कळत नव्हतं.

तेवढ्यात फोरमनांनी खुर्चीच्या हातावर हात आपटला. एकदा, दोनदा. सगळी शक्ती एकवटून, घामाघूम होऊन ते बोलू लागले. आणि आश्चर्य म्हणजे आज बाईंना त्यातला शब्दन् शब्द कळला.

“माझं रक्त... नाही... त्याच्यात. मी... नव्हतोच... पुरता. पोर... निरोगी आहे. सांग... यांना. वेल्डरला... पण सांग.”

“काय म्हणतायत?” डॉक्टरणीनं विचारलं.

पैलवान खुर्चीपाशी वाकला. बापाच्या तोंडाजवळ कान नेला, पुन्हा एकदा सगळं नीट ऐकून घेतलं, आणि सरळ होऊन म्हणाला,

“म्हणतायत, पोरगं माझ्यासारखंच हट्टी आहे. त्याला तपासणीचं सांगून उपयोग नाही.”

वेल्डर भरल्या डोळ्यांनी हसला. “ते मात्र खरं!”

“ना...ही!” फोरमन तळमळून ओरडले. त्यांनी मानेनं, हातानं, डोळ्यांनी नाही नाही केलं. पण त्यांचं सगळं अंग सदाच हलत असे, त्यातली कोणती हालचाल ‘नाही’ची, हे परक्यांना कसं कळावं! आयुष्यभर जे बोलायला जीभ धजली नाही, ते बोलायला ती आज तयार होती, आणि आज ती त्यांची राहिली नव्हती. शेवटी त्यांनी बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत शपथ सुटलेली होती. सांग! तू तरी सांग! आणि त्यांच्या खांद्यामागून मुलगाही बाईंकडेच पाहत होता, अगदी बारीक मान हलवून विनवत होता... नको, आई.

बाईंनी तोंड उघडलं. दोघांपैकी कुणाचं ऐकलं म्हणजे दुसऱ्यावर अन्याय होणार नाही, असा शब्द त्यांनी शोधून पाहिला. असा शब्द नव्हता. त्यांनी रुमाल काढून नवऱ्याच्या हनुवटीवरची लाळ टिपली, आणि डॉक्टरणीला म्हणाल्या,

“पुढं कधी आणायचं यांना?”

बाहेरच्या लांब व्हरांड्यात पैलवान खुर्ची ढकलत होता, वेल्डर गाडी काढायला पुढं गेला होता, आणि बाई फाईल छातीशी धरून मागून चालत होत्या. फोरमनांचं बोलणं थांबत नव्हतं. पैलवान मधूनच खाली वाकायचा, ऐकायचा, आणि मान डोलवायचा.

“काय म्हणतायत रे?” बाईंनी विचारलं.

“शिव्या देतायत मला,” पैलवान म्हणाला. त्याला हसू येत होतं आणि त्याचे गाल भिजले होते. “खोटारड्या म्हणतायत. पुढच्या वेळी तू नको येऊस, मी त्या डॉक्टरणीला एकटाच सगळं सांगणार, म्हणतायत.”

“आणि तू काय म्हणालास?”

“म्हटलं, सांगा, बाबा. मी दाराबाहेर थांबतो.”